घोड आणि भीमा : उतार, तर आणि पूल

पुणे जिल्ह्याच्या ईशान्य टोकास वसलेल्या शिरूर या गावास दोन नावे आहेत. शासकीय दप्तरात आणि नकाशावर ते शिरूर आहे. परंतु बाजारपेठेच्या व्यवहारात, टपालाच्या पत्त्यात आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात ते घोडनदी आहे. आसपासच्या खेड्यातील वृद्ध शेतकरी आजही 'घोडनदीला जाऊन येतो' असेच म्हणतो. या दुसऱ्या नावाचे स्पष्टीकरण सामान्यतः असे दिले जाते की, महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे अनेक असल्यामुळे (शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत) भेद दाखविणाऱ्या उपपदाची गरज पडली. हे स्पष्टीकरण बरोबर असले तरी अपुरे आहे. भेद दाखविण्यासाठी एखाद्या दैवताचे, घराण्याचे अथवा कसब्याचे नाव चालले असते. लोकांनी नदी निवडली, आणि पुढे तर मूळ नाव गाळून नदीचेच नाव गावास दिले. पुण्याहून नगरकडे निघालेल्या वाटसरूच्या लेखी हे गाव म्हणजे नदी ओलांडण्याचे ठिकाण होते. त्याला गावाशी काम नसे, पाण्याशी असे.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून व त्यांच्या सीमांवरून वाहणाऱ्या घोड व भीमा या नद्या माणसांनी कशा ओलांडल्या, आणि त्या ओलांडण्याच्या कोणत्या खुणा भाषेत व इतिहासात उरल्या आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, या नद्यांवर उतार ही जितकी स्थळवाचक तितकीच, किंबहुना अधिक, कालवाचक कल्पना होती. नदी कोठे ओलांडावयाची या प्रश्नाआधी ती कोणत्या महिन्यात ओलांडावयाची हा प्रश्न येत असे. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर या भागातील वाटांचा, लढायांचा आणि ग्रामनामांचा अर्थ नीट लागत नाही.

प्रथम नद्यांचा मार्ग पाहू. भीमा भीमाशंकरापाशी सह्याद्रीत उगम पावते. खेड तालुका ओलांडून ती पूर्वेस येते, तुळापुरास तिला इंद्रायणी मिळते, रांजणगाव सांडसच्या परिसरात पुण्याचे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा मिळते, आणि पुढे दौंडच्या उत्तरेकडून ती आग्नेयेस पंढरपूरकडे वळते. सुमारे ८६० किलोमीटरांचा प्रवास करून ती कर्नाटकात कृष्णेला मिळते. घोड हिचा उगमही सह्याद्रीतच, आंबेगाव तालुक्यात आहे. घोडेगावावरून येताना ती मीना व कुकडी या जुन्नरकडच्या नद्यांचे पाणी घेते. त्यांपैकी कुकडी घोडेस मिळण्यापूर्वी निघोज आणि टाकळी हाजी यांच्यामधील खडकात रांजणखळगे कोरून जाते. शिरूरवरून पुढे गेल्यावर तालुक्याच्या आग्नेय कोपऱ्यात घोड भीमेत विसर्जित होते. या दोन्ही नद्या बहुतांशी सीमारेषा आहेत. घोड शिरूरला श्रीगोंद्यापासून वेगळे करते, तर भीमा आधी शिरूर व दौंड यांना आणि नंतर दौंड व श्रीगोंदा यांना विभागते. त्यामुळे येथे नदी उतरणे म्हणजे पुष्कळदा तालुका किंवा जिल्हा बदलणे असते. सातव्या शतकातही स्थिती फार निराळी नव्हती. रविकीर्तीच्या ऐहोळे प्रशस्तीत (इ. स. ६३४) चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचे शत्रू भीमरथीच्या उत्तरेचा प्रदेश जिंकावयास आले असा उल्लेख आहे. ही भीमरथी म्हणजेच भीमा होय.

उन्हाळ्यात या नद्यांचे रूप आणि श्रावणातले रूप यांत इतके अंतर असते की, परक्यास ती एकच नदी आहे हे पटू नये. धरणे होण्यापूर्वी फाल्गुनानंतर पात्रात एक बारीक ओघळ, अधूनमधून डोह आणि बाकी वाळू एवढेच उरे; त्या वाळूत कलिंगडांचे व खरबुजांचे वाडे लागत. पावसाळ्यात तेच पात्र दोन्ही दरडी भरून वाहे. या दोन रूपांमधील जे संक्रमण, त्यास अनुसरून भाषेने आपली शब्दसंपत्ती उभी केली आहे.

'उतार' हा त्यांतील मुख्य शब्द होय. मोल्स्वर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती १८५७) उतरण आणि नदीतून पायी जाण्याजोगी जागा असे याचे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. त्याचे मूळ संस्कृत 'तॄ' या धातूत आहे. याच धातूपासून 'तर' (नदीवरील नावेची सोय), 'तारू', 'तरणे', 'तारणे' हे शब्द आले आणि 'तीर्थ' हाही आला. तीर्थ म्हणजे मुळात उताराची जागा. पावित्र्य तिला नंतर चिकटले. संगमावरच्या आणि उतारावरच्या देवळांची दाटी पाहिली म्हणजे हा अर्थविस्तार कोशातून शिकावा लागत नाही. 'उतारू' हा शब्दही आधी नदी उतरणाऱ्याचा होता. आगगाडीने तो पुढे आयता उचलला. मात्र येथे 'पाणउतारा' या शब्दाचा मोह टाळला पाहिजे. त्यातील पाणी नदीचे नव्हे, तेजाचे आहे; विद्यार्थी परीक्षेत ही चूक हटकून करतात.

ग्रामनामांकडे वळल्यास दौंड तालुक्यातील पारगाव प्रथम नजरेत भरते. शिरूर-न्हावरे-चौफुला या रस्त्यावर भीमा ओलांडताच हे गाव लागते, म्हणजे शिरूरकडून पाहणाऱ्यास ते खरोखरच 'पार' आहे. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो: हे नाव गावकऱ्यांनी स्वतः ठेवलेले नसावे. स्वतःच्या गावास कोणी पलीकडचे म्हणत नाही. ते नाव समोरच्या काठाने दिले. अर्थात झाडाभोवतीच्या ओट्यासही 'पार' म्हणतात, म्हणून प्रत्येक पारगावास हा न्याय लावता येणार नाही. 'सांगवी' या नावाचे मात्र इतके कोडे नाही. ग्राम-गाव, नाम-नाव या क्रमाने मकाराचा वकार झाला की संगमाची सांगवी होते, आणि भीमेच्या खोऱ्यात सांगव्या बहुधा जलसंगमाच्या आसपासच सापडतात.

'सांडस' या उपपदाविषयी आमचा एक तर्क आहे. रांजणगाव सांडस, पिंपरी सांडस, सांगवी सांडस ही गावे भीमा आणि मुळा-मुठा एकमेकींच्या जवळ येत येत जेथे मिळतात त्या टापूत आहेत. संस्कृत 'संदंश' याचा मराठीत 'सांडस' होतो. स्वयंपाकघरातील सांडशी हे त्याचेच घरगुती रूप. दोन नद्यांच्या दोन पाती आणि संगमाशी त्यांची खीळ, असा हा चिमटा नकाशावर स्पष्ट दिसतो. जुन्या माणसांनी नकाशा पाहिला नव्हता हे खरे. परंतु ज्याला घरून कोठेही जाताना या नाही तर त्या पाण्याने अडविले, त्याला आपण चिमट्यात आहोत हे कळावयास नकाशा लागत नाही. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. जुन्या कागदपत्रांतील रूपे तपासूनच तो स्वीकारावा अथवा टाकावा.

या भागातील नौकेचा सर्वांत जुना पुरावा लिखित नाही, चित्रित आहे. शिरूर तालुक्यात घोडेच्या उजव्या काठावर असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या ताम्रपाषाणयुगीन काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती होय. पुराचे पाणी वळविण्यासाठी तेथील लोकांनी बांध घालून कालवा काढला होता, आणि तेथील दफनाशी संबंधित एका रंगीत भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव काढलेली आढळली. या नावेचा परलोकाच्या प्रवासाशी संबंध जोडला जातो, आणि तो असंभाव्य नाही. तथापि परलोकाची नाव काढणाऱ्याने इहलोकीची नाव पाहिलेली असली पाहिजे. वर्षातील आठ महिने जिच्यातून पायी जाता येते अशा नदीच्या काठी राहणाऱ्याच्या मनात मृत्यू आणि नाव यांची सांगड पडली, ती उरलेल्या चार महिन्यांमुळे पडली असावी. 'सांगड' हा शब्दही येथे सहज आला असला तरी तो नदीवरचाच आहे. भोपळे किंवा दोन डोण्या एकत्र बांधून केलेल्या तरंगत्या साधनास सांगड म्हणत.

तुळापूरच्या नावाची कथाही पाण्याशीच निगडित आहे. विजापूरचा मुरार जगदेव याने १६३३ च्या सुमारास येथे तुळादान केले. हत्तीचे वजन कसे करावे हे कोडे पडले असता शहाजीराजांनी हत्ती नावेत चढवून नाव कोठवर बुडते त्याची खूण केली व नंतर तितकीच बुडेपर्यंत दगड भरले, अशी परंपरा सांगते. त्यापूर्वी गावाचे नाव नागरगाव होते. कथेचा तपशील कसाही असो, हत्ती पेलणारी नाव आणि ती तरंगेल इतके पाणी या दोन्ही गोष्टी श्रोत्यांना अविश्वसनीय वाटल्या नाहीत, एवढे इतिहासकाराने टिपून ठेवावे. याच संगमाच्या परिसरात, तुळापूर-वढू येथे, ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजीराजांचा वध करविला. त्यापूर्वी बादशहाची छावणी दौंडसमोरच्या काठावर, पेडगावच्या बहादूरगडाशी होती.

आता ऋतूचा प्रश्न. आषाढीची वारी पावसाळ्यात निघते, म्हणजे भीमा ओलांडण्यास सर्वांत प्रतिकूल अशा काळात. तुकोबांच्या पालखीचा मार्ग पाहिला तर तो यवत, वरवंड यांवरून दौंड तालुक्याचा पश्चिम भाग कापून बारामती, इंदापूरकडे जातो व सराटी येथे नीरा ओलांडतो. भीमा तो कोठेही ओलांडीत नाही. पंढरपूर भीमेच्या उजव्या काठी आहे आणि पुण्यापासूनचा सर्व मार्गही त्याच बाजूने जातो. हा योगायोग म्हणून सोडून देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्या वाटेने लाखो पावले शेकडो वर्षे गेली, तिने पुराची नदी टाळावी यात परंपरेचे व्यवहारज्ञान दिसते.

हेच ज्ञान सेनापतींना निराळ्या अर्थाने उपयोगी पडले. मराठी फौजांच्या मोहिमा दसऱ्यास निघत, कारण तोवर नद्यांना उतार पडत. आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) १८०३ मध्ये पुण्याहून अहमदनगरवर चालून गेला, तेव्हा त्याने हे गणित उलटे केले. टोपलीसारख्या गोल, कातड्याने मढविलेल्या नावांचा त्याने आग्रह धरला. नद्या भरलेल्या असताना ज्याच्यापाशी नावा तो हवे तेव्हा पार होईल आणि ज्याची सारी भिस्त घोड्यावर तो काठाशी अडेल, म्हणून मराठ्यांशी युद्ध पावसाळ्यात करणे हिताचे, असे त्याचे मत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, अहमदनगरचा किल्ला पडला. ज्या ऋतूस मराठे विश्रांतीचा काळ समजत, तो शत्रूने लढाईचा काळ केला. दुसऱ्या बाजीरावाच्या वकिलांच्या मुत्सद्देगिरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या टोपल्यांवर फारसे नाही.

कोरेगावची लढाई मात्र ऐन उताराच्या दिवसांत झाली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या मदतीसाठी निघाला. त्याच्यापाशी मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, सुमारे २५० स्वार आणि दोन तोफांसह मद्रास तोफखान्याचे २४ युरोपियन गोलंदाज होते. सकाळी तो भीमेच्या काठाशी आला तेव्हा पलीकडे पेशव्यांची फौज दिसली. इंग्रजी वृत्तांत तिची संख्या वीस हजार घोडा व आठ हजार पायदळ अशी देतात. नदीला उतार होता. स्टाँटन उतरला नाही. त्याने डाव्या काठावरील कोरेगाव गाठले. उतरले ते पेशव्यांचे पायदळ. सुमारे तीनशे-तीनशेच्या तीन तुकड्यांनी पात्र ओलांडून गावास वेढा दिला, आणि मग दिवसभर गल्लोगल्ली झुंज झाली.

या लढाईचे वर्णन करताना बहुतेक लेखक शौर्याकडे व संख्येकडे लक्ष देतात. नदीच्या अभ्यासकास तिच्यात दुसरे काही दिसते. रात्रभर चालून आलेले शिपाई भीमेपासून हाकेच्या अंतरावर दिवसभर तहानेने व्याकूळ झाले. काठ विरुद्ध पक्षाच्या ताब्यात होता आणि अंधार पडून मारा थांबेपर्यंत त्यांना पाणी मिळाले नाही. जी नदी उतरण्यास अडसर नव्हती, ती पिण्यास मात्र दुर्लभ झाली. पुढे पेशवा जनरल स्मिथच्या आगमनाच्या वार्तेने दक्षिणेस निघून गेला, आणि स्टाँटन पुण्याकडे निघाल्याची हूल देऊन शिरूरास परतला. ज्या नदीपार जाण्यासाठी तो निघाला होता, ती त्याने ओलांडलीच नाही. त्याच्या सैन्याचा स्मृतिस्तंभ १८२१ मध्ये उभारावयास घेतला, तो मात्र पेरणे येथे, म्हणजे उजव्या काठावर आहे. त्यावरील मृतांच्या नावांत 'नाक' हे अन्त्यपद असलेली महार शिपायांची नावे बावीस आहेत. ग्रामव्यवस्थेने ज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले होते त्यांची ही नावे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर येथे आले याचा अर्थ उलगडतो. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. दोन्ही ठिकाणी प्रश्न पाण्याच्या काठाचा होता.

इंग्रजी अमलात नद्यांवरील नावांना कायद्याचे रूप आले. त्यापूर्वी नाव चालविणारे कोळी किंवा भोई असत, आणि बलुतेदारांच्या प्रचलित यादीत कोळ्याचे नाव आहेच. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने सार्वजनिक तरी सरकारी नियंत्रणाखाली आणल्या. ठेके निघाले, दर ठरले. म्हणजे जे गावाशी असलेले नाते होते ते लिलावात गेले. याच सुमारास आगगाडी आली. पुणे ते डिकसळ हा लोहमार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला आणि दौंड त्या मार्गावर आले. पुढल्या वर्षी डिकसळपाशी रुळांनी भीमा ओलांडली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये खुला झाला, तेव्हा दौंडच्या उत्तरेसही भीमेवर रेल्वेपूल झाला. पुलाला महिना ठाऊक नसतो. आषाढात आणि चैत्रात सारख्याच वेळी पार होणे ही या खोऱ्यात अगदी नवी गोष्ट होती, आणि नगरकडच्या मालाला घोडनदीच्या उताराची गरज त्यानंतर कमी होत गेली असली पाहिजे. उताराने जन्मास घातलेले गाव मागे पडावे आणि माळावरच्या दौंडाने जंक्शन व्हावे, हा त्याचाच परिणाम.

स्वातंत्र्योत्तर काळातील बदल याहून खोल आहे. घोडेवर चिंचणी व डिंभे येथे धरणे झाली, कुकडीच्या खोऱ्यात अनेक झाली, आणि १९८० मध्ये भीमेवर उजनीचे धरण पुरे होऊन त्याचा फुगवटा इंदापूर व दौंडच्या पूर्व भागापर्यंत पोचला. खालच्या अंगास कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधले गेले. पावसाळा सरताना त्यांत बर्गे बसवितात आणि पुढील पावसापूर्वी काढतात. त्यामागे अडलेल्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि न्हावरे येथील कारखान्याने 'घोडगंगा' हे नाव घेतले. आडदांड 'घोड'ला 'गंगा' जोडून तिचे संस्कृतीकरण साखरेने केले, ही नोंद भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य करावी. हे बंधारे अरुंद रस्त्याचेही काम करतात; अनेक गावांना शेजारच्या तालुक्यात जाण्याचा जवळचा मार्ग तोच. मात्र बर्गे बसले की बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचा जुना उतार पाण्याखाली जातो. शिवाय वाळूच्या उपशाने पात्राचा तळ जागोजाग इतका बदलला आहे की, जेथे गुडघाभर पाणी म्हणून वडील माणसे सांगत तेथे आज पुरुषभर खड्डा असतो. पुण्याच्या सांडपाण्याने मुळा-मुठेवाटे येणारी जलपर्णी त्यावर हिरवे झाकण घालते.

उजनीच्या फुगवट्यात याचा परिणाम सर्वांत उघड दिसतो. डिकसळचा लोहमार्ग हलवावा लागला आणि जुना रेल्वेपूल रस्त्याच्या कामी आला. परंतु बाकीच्या गावांना पूल नव्हता. पूर्वी उन्हाळ्यात जी नदी चालत ओलांडता येई, ती आता बारमाही रुंद जलाशय झाली, आणि माणूस पुन्हा नावेकडे वळला. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांस जलसमाधी मिळाली. मे महिना होता. जुन्या हिशेबाने तो उताराचा महिना होय. त्या महिन्यात भीमेत माणूस बुडावा ही गोष्ट त्या काठच्या आजोबा-पणजोबांस समजावून सांगणे कठीण गेले असते.

या दृष्टीने एक काम तातडीने हाती घेणे अवश्य आहे. भूमापनाच्या नकाशांनी तरींच्या जागा दाखविल्या, क्वचित उतारही दाखविले. त्यांची नावे मात्र सहसा नोंदविली नाहीत. ही नावे काठावरच्या सत्तरीपुढील माणसांच्या, विशेषतः कोळी, भोई, धनगर आणि वाळूतले वाडे करणाऱ्या कुटुंबांच्या स्मरणात आहेत. मेंढरे कोणत्या महिन्यात कोठून उतरवीत, वऱ्हाडाची गाडी कोठे अडली, भोपळ्यावर कोण पोहून जाई, समोरच्या गावास आपल्या गावात काय म्हणत, हे विचारले तर उताराचे नाव आपोआप येते. 'येथे उताराची नावे कोणती?' असे सरळ विचारले तर येत नाही. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी शिरूर, दौंड आणि श्रीगोंदा या तालुक्यांतील जे असतील त्यांनी सुटीत आपापल्या गावापासून आरंभ करावा. प्रत्येक उतार दोन्ही काठांवर विचारावा, कारण एकाच जागेस ऐलतीरी एक आणि पैलतीरी दुसरे नाव असण्याचा संभव मोठा आहे.